काकासाहेबांचा बटाटा

केदारखेड्यात समुद्र कळलेला माणूस एकच, आणि तो आपण, असं काकासाहेबांचं ठाम मत होतं. ते श्रीवर्धनला जाऊन कॅनभर पाणी घेऊन आले होते. एकादशीला विष्णूच्या देवळात त्याच पाण्याचा अभिषेक ठरला. पाणी ज्याचं, पाटावर बसायचा मान त्याचा.

"समुद्रात माणूस बुडत न्हाई, मंग बटाटा काय बुडतो?" म्हणत दशमीला त्यांनी देवळासमोर बादलीत बटाटा सोडला. पंगतीत जावई बसावा तसा बटाटा तळाशी ऐसपैस बसला.

"हे समुद्राचं का बोअरचं?" गावच्या कारभाऱ्यांनी विचारलं. पाटावर त्यांचाही डोळा होता.

"प्रवासानं दमलंय ते. सकाळी बघा, बराबर तरंगतो का न्हाई!"

घरी अकरावीतली लेक आकांक्षा सांगू लागली, "बाबा, थंडीनं, दाबानं, मिठानं पाणी जड होतं. पण समुद्रात तेवढं..."

'पण'च्या पुढचं ऐकायची काकासाहेबांना सवय नव्हती. पाणी फ्रिजमध्ये गेलं. बटाटा गारठला, पण उठला नाही. मग दाब! थोडं पाणी बटाट्यासकट कुकरमध्ये चढलं, शिट्ट्या झाल्या.

"अहो बाबा, तापलं की पाणी हलकं होतंय," आकांक्षानं कपाळाला हात लावला. झाकण काढलं, तर बटाटा उकडून तळाशी.

"सोलू का?" उषाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

शेवटी काकासाहेबांनी मिठाचा डबाच बादलीत पालथा केला. उषाबाई पोथी वाचता वाचता बघत होत्या. विचारलं असतं तर बोलल्या असत्या. पण त्यांना विचारतो कोण?

सकाळी देवळात नवा बटाटा असा तरंगला, जणू जन्मापासून कोळ्याच्या घरी वाढलाय. कारभारी बाजूला झाले. काकासाहेब जोडीनं पाटावर बसले, अभिषेक झाला, भटजींनी पहिलं तीर्थ उषाबाईंपुढं धरलं. त्यांचा हात काही पुढं येईना.

"घ्या की वहिनी," कारभारी म्हणाले.

"माझी एकादशी आहे ना, भाऊजी. समुद्राचं म्हणून तीर्थ घेतलंच असतं मी. पण काल ह्यांनी डब्यातलं मीठ ओतलं त्यात. उपासाला सैंधव लागतं."

त्या नेहमीसारख्या हळूच बोलल्या होत्या, पण गाभाऱ्यात आवाज घुमतो. मागं पसरलेले तळवे एकेक करून मिटले.

कारभारी तांब्या घेऊन पुढं आले.

"काकासाहेब, सरका जरा. बोअरचंच आणलंय. चव घ्या, बिलकुल अळणी."