झाकल्या पत्त्यांचे सोनकांबळे दादा

सोनकांबळे दादा पत्ते खेळताना स्वतःचे पत्ते बघत नसत. वाटलेले तीन पत्ते ते सतरंजीवर पालथेच ठेवायचे, त्यांच्यावर डाव्या हाताचा पंजा टेकवायचे आणि समोरच्याकडं बघत बसायचे. डाव संपला की मग ते उलटून बघायचे, तेही दुसऱ्या कुणाचे असावेत अशा परकेपणानं.

"माझे पत्ते बघून मला काय कळणार?" ते म्हणायचे. "कळायचं ते तुमचंच हाय."

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. कचेरीत टेबलं कमी आणि माणसं जास्त. कागदांचे गठ्ठे ट्रकनं यायचे आणि व्हरांड्यातच पडून राहायचे. मी धर्माबादचा, नोकरीत कोरा करकरीत. बिराजदार निलंग्याकडचा. आणि दादा हदगावचे, पन्नाशीला आलेले, रेकॉर्ड रूमचे कारकून. तिघांनी मिळून डाळ मिलच्या मागं एक खोली घेतली होती. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. गल्लीत पाण्याचा टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीनं.

म्हणून आमच्या तीन पत्तीत पैसा नव्हता. चिंचोके लावायचे. कितीही लावा, हद्द नाही. रविवारी दुपारी ज्याचे चिंचोके आधी संपतील, त्यानं आठवडाभर तिघांच्या घागरी भरायच्या. रिकामी घागर घेऊन उन्हात तासभर रांगेत उभं राहिलेल्यालाच चिंचोका म्हणजे काय चीज आहे ते कळेल.

एकदा मला बादशहाची जोडी आली. तिघांच्या खेळात एवढी जोडी म्हणजे राज्यच. बिराजदारनं पत्ते टाकले. मी बेताबेतानं चिंचोके सरकवत होतो. दादांनी न बघताच आपला सगळा ढीग मध्ये लोटला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. सारवलेली भिंत! थाप असेल? आणि नसली तर? मला टँकरची रांग दिसायला लागली. मी पत्ते टाकले.

दादांनी पंजा उचलला. दुर्री, पंजी आणि नव्वी, तीन रंगांच्या.

"जोडी होती ना? मोठी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पत्ते उचलल्यापासून तू दोनच पत्त्यांवरून अंगठा फिरवून राहिला. तिसऱ्याकडं ढुंकून पाहिलं न्हाई. अन् बारकी जोडी असती तर तू मघाशीच पळाला असता. मोठ्या जोडीवाला थांबतो, पण भितो. त्याच्याकडं गमवायला काहीतरी असतंय."

ते तोंडाकडं बघत नसत, हाताकडं बघत. "तोंड लबाड हाय. शाळेत जाऊन आलंय. हात अडाणी हाय, खरं बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बिराजदार एकदा इरेला पेटला. रविवारी तो हातावर टॉवेल टाकून खेळायला बसला. पत्ते टॉवेलाखाली, हातही टॉवेलाखाली. त्यानं मूठभर चिंचोके लावले. मी घाबरून डाव सोडला. दादांनी टॉवेलाकडं शांतपणे बघितलं आणि तेवढेच चिंचोके लावून "दाखव" म्हणाले. बिराजदारकडं काही म्हणजे काही नव्हतं; दादांच्या पालथ्या पत्त्यांतला नुसता एक्काच त्याला भारी पडला.

"आता टॉवेलातून दिसायला लागलं का तुम्हाला?" बिराजदार ओरडला.

"टॉवेल धुतलेला हाय," दादा म्हणाले. "प्यायला पाणी न्हाई अन् तू सकाळी उठून टॉवेल धुतो? म्हंजी थाप मारायचं सकाळीच ठरलं होतं. ज्याला पत्ते येतात त्याला असली तयारी लागत न्हाई."

त्या आठवड्यात घागरी बिराजदारनं भरल्या. टॉवेल डोक्याला बांधून.

असा हा माणूस पत्ते सोडले तर कुणाशी फारसा बोलत नसे. कचेरीत "हाव" आणि "न्हाई" एवढ्यावर दिवस निघायचा. घरची चौकशी केली की "हायेत समदे" म्हणून गप्प. मी त्यांना हसलेलं पाहिलं नव्हतं. आम्ही समजून चाललो की माणूस आतूनही तसाच कोरडा असणार.

एका सोमवारी कचेरीत एक बाई आली. तिशीची, पायात फाटकी चप्पल, हातात घामानं भिजलेला कागद. ती बोलेना, नुसते हातवारे करत होती. आमचा हेडक्लार्क तिच्यावर ओरडला. तिला ऐकू येत नाही हे लक्षात आल्यावर आणखी मोठ्यानं ओरडला. लोक हसायला लागले. बाईचे हात घाईला आले, मग खाली पडले.

तेवढ्यात रेकॉर्ड रूममधून दादा बाहेर आले. एक गठ्ठा काखेत होता, तो त्यांनी खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

पुढचं मी कधी विसरणार नाही. दादांचे हात बोलायला लागले आणि हातांबरोबर चेहराही. भुवया वर गेल्या, गाल फुगले, डोळे मोठे झाले. तिनं काहीतरी सांगितलं, त्यांनी चुकीचं समजून भलतंच करून दाखवलं, आणि ती खुदकन हसली. दादाही हसले. दात दिसेपर्यंत.

मग आमच्याकडं वळून म्हणाले, "हिचा बाप वारला. शेताच्या कागदावर भावांची नावं चढली, हिचं गाळलं. मुकी हाय, सही कुठली करणार, म्हणले. सही येती हिला. गंगाधर, अर्ज लिही."

मी अर्ज लिहिला. तिनं खाली ठसठशीत सही केली. दादा स्वतः तो अर्ज घेऊन साहेबांकडं गेले आणि पोच घेऊनच बाहेर आले. पुढं दोन-तीन महिन्यांनी तिचं नाव कागदावर लागलं.

त्या सोमवारी संध्याकाळी परत येताना मी विचारलं, "दादा, हे कुठं शिकलात?"



"माझी बायको तशीच होती. जन्मापासून. अकरा वर्षं संसार केला. घरात आवाज नव्हता, पण गप्प कोणीच नव्हतं. लई बोलायची. भांडायची तर दिवा लावून भांडायची, अंधारात हात दिसत न्हाईत म्हणून. जाऊन सहा वर्षं झाली. आजच्या बाईच्या अर्ध्याच खुणा जुळल्या. आमच्या बाकीच्या आमच्याच होत्या. त्या आता मला एकट्यालाच येतात."

आम्ही खोलीवर आलो. बिराजदार गावी गेला होता. दादांनी स्टोव्ह पेटवून भात ठेवला. मी म्हणालो, "मला एखादी खूण शिकवा."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मग बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि तळहात माझ्याकडं उलगडला. जेवलास का?

"पण मी तुम्हाला 'जेवलात का' म्हणायला पाहिजे," मी म्हणालो.

"हातात तू अन् तुम्ही नसतंय."

मी खूण केली. त्यांनी माझी करंगळी धरून सरळ केली, म्हणाले, "आता इचार."

मी पुन्हा विचारलं.

दादांनी हात वर केले आणि उत्तर द्यायला लागले. साधं हो किंवा नाही नव्हतं ते. लांबलचक काहीतरी होतं. बोटं उघडत होती, मिटत होती, मध्येच ते हसत होते, मध्येच कुणाची तरी तक्रार करत असावेत. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. स्टोव्हवरचा भात करपल्याचा वास आला तरी मी त्यांना थांबवलं नाही.