आपली गाडी वर गेली

"अहो, गाडी तळघरातून वर काढली होती ना?" बाईंनी सकाळी विचारलं.

"काढली की," सर म्हणाले. वर्तमानपत्रातून डोकंही बाहेर काढलं नाही.

सर म्हणजे तर्कशास्त्राचे प्राध्यापक. आदल्या संध्याकाळी पाऊस वेड्यासारखा कोसळत होता. "गाडी वर काढा," असं बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. त्यावर सरांनी समजावलं होतं, "हे बघ, उताराच्या तोंडाशी जाळी आहे. जाळीतून पाणी गटारात जातं. तेव्हा तळघरात पाणी येणं तर्कात बसत नाही." एवढं सिद्ध करून ते ढाराढूर झोपले. पाणी काही कॉलेजात शिकलेलं नव्हतं. ते आलं, आणि छतापर्यंत आलं.

गाडी बाईंची होती. चष्म्यांच्या दुकानावर त्यांनी जन्म काढला आणि त्या कमाईतून ही पांढरी गाडी घेतली. सरांना ती चालवायला मिळायची, पण ती बाईंची आहे हे विसरायची मुभा नव्हती. आणि आता सर खोटं बोलून बसले होते. बाई दुकानात जायला निघायच्या आत गाडी दुरुस्त झाली नाही, तर काय होईल, याचा विचार त्यांनी करून पाहिला आणि लगेच थांबवला. नशिबाने बाजाराच्या रस्त्यावर चिखलाचा थर बसला होता. दुकान उघडायला दोन-चार दिवस तरी लागणार होते.

पंपाने पाणी उपसल्यावर सर चोरपावलांनी तळघरात उतरले. एकच पांढरी गाडी होती, चिखलाने पार माखलेली. पुढची नंबराची पाटी वाहून गेलेली, मागची चिखलाखाली गडप. ती पुसून बघावी असं सरांना वाटलं नाही. स्वतःच्या घरची गाडी कोण ओळखत नाही?

त्यांनी रिमोट दाबला. काही झालं नाही. म्हणजे वीज गेली. किल्ली दारात घातली, फिरेना. म्हणजे कुलूप गंजलं. एका रात्रीत लोखंड गंजतं का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता, पण पुरावा समोर असताना शंका घेणं त्यांना अशास्त्रीय वाटलं. काच अर्धी उघडी होती. आपण ती उघडी ठेवल्याचं आठवेना. पण उघडी आहे, म्हणजे ठेवली असणार. त्यांनी आत हात घालून दार उघडलं आणि किल्ली स्टिअरिंगखाली सारली. तिथेही ती फिरेना.

"किल्ली फिरत नाही, म्हणजे इंजिन फिरत नाही," सर स्वतःशीच म्हणाले.

"काय सर, गेली का गाडी?"

मागे आपलेकाका उभे होते. ते इमारतीचे सचिव. आपला पंप, आपली गच्ची, आपली लिफ्ट असं सारखं म्हणत असल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. खर्चाची वेळ आली की मात्र त्याच लिफ्टला ते 'तुमच्या मजल्याची लिफ्ट' म्हणत.

"तुमची गाडी?" सरांनी विचारलं.

"माझी वर आहे." आपलेकाकांनी उताराच्या दिशेने बोट केलं. वर टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी एक पांढरी गाडी ऐटीत उभी होती. "मी दूरदृष्टीचा माणूस. जावयांना सांगितलं, गाडी वर न्या. मग गॅलरीतून वॉचमनला विचारून खात्रीही केली, आपली गाडी वर गेली का रे? तो म्हणाला, गेली साहेब, आत्ताच. जावई पहाटेच्या एसटीने गावी गेले, किल्ली खिशात तशीच घेऊन. पण जावयाला बोलणार कोण?"

"काका, हिला यातलं काही कळता कामा नये."

"वहिनींना? माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. आता ही आपली जबाबदारी!"

मेकॅनिक दुपारी आला. पुराच्या आठवड्यात मेकॅनिकला मोठ्या सर्जनचा भाव येतो. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून काढली आणि उजेडात धरली. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं झालं होतं.

"गाडीचं कोण तुम्ही?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"मी... घरचाच," सर म्हणाले.

"पाणी पोटात गेलंय. किल्ली फिरवली होती का?"

"फिरतच नाही."

मेकॅनिकने स्वतः फिरवून पाहिली आणि मान हलवली. "मग डोक्यातही गेलं. बघा, सिलिंडरमधलं पाणी काढल्याशिवाय इंजिन अजिबात फिरवायचं नाही. पाणी दबत नाही, मग आतला दांडा वाकतो. मी प्लगचा पाना घेऊन येतो. तोवर पेशंटला हात लावू नका."

तो गेला तो गेलाच. त्याला जागोजागी व्हिजिटा होत्या. सर दर थोड्या वेळाने जिन्याकडे बघत होते. शेवटी आपलेकाकांना राहवेना.

"सर, मेकॅनिक लोक घाबरवतात हो. मी असल्या कितीतरी गाड्या धक्क्यावर चालू केल्यात. तुम्ही आणि वॉचमन ढकला, मी दुसरा गिअर टाकतो."

"पण तो म्हणाला, दांडा वाकतो."

"वाकला तर वाकला! धोका पत्करल्याशिवाय काही मिळत नाही. आणि गाडी काय, तुमचीच आहे."

हा युक्तिवाद सरांना तपासून बघायला हवा होता, पण वरच्या मजल्यावर बाईंच्या चपलांचा आवाज झाला आणि त्यांनी खांदा लावला. गाडी सरळ रेषेत चार हात गेली. आपलेकाकांनी झोकात क्लच सोडला. आतून 'खाट्' असा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली.

"आता मात्र गेली," आपलेकाका बाहेर येत म्हणाले. त्यांच्या स्वरात दुःख होतं, पण फार नव्हतं. "तुमचं इंजिन बसलं, सर. मी तर म्हणतो, भंगारात द्या."

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "हात कशाने काळे झाले?"

"मेणबत्तीने. लाइट गेले होते ना."

"मेणबत्तीने कोपरापर्यंत?" बाई म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय."

पाणी हा शब्द ऐकून सरांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने आवाजाची हकिकत ऐकली, कपाळाला हात लावला आणि इंजिन उघडायला घेतलं. त्यानंतरच्या सकाळी तळघरात सतरंजी अंथरून त्यावर इंजिनाचे अवयव मांडलेले होते. आपलेकाका प्रत्येक भाग उचलून 'हा बदलाच' असं सांगत होते. मेकॅनिकने वाकलेला दांडा सरांच्या हातात दिला. तो वाकडा दांडा बघून सरांना खरोखर रडू यायला लागलं. बाईंनी गाडी घरी आणली त्या दिवशी तिच्याभोवती किती फेऱ्या मारल्या होत्या, ते त्यांना आठवलं.

तेवढ्यात उतारावरून गाडीचा आवाज आला. आपलेकाकांनी वर पाहिलं आणि ते ओरडले, "सर! वहिनी माझी गाडी घेऊन चालल्यात!"

सगळे धावत वर गेले. पांढरीशुभ्र गाडी फाटकापाशी आली होती आणि स्टिअरिंगवर बाई होत्या. रस्ता साफ झाला होता, त्या दुकान उघडायला निघाल्या होत्या. आपलेकाका हात पसरून गाडीसमोर उभे राहिले. बाईंनी काच खाली केली.

"वहिनी, ही माझी गाडी आहे!"

"काका, नंबर वाचा."

"अहो, नंबर कसला..."

"पाटीवरचा. दिसत नसेल तर दुकानात या, तोही नंबर काढून देते."

आपलेकाकांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग ते वॉचमनकडे वळले. "अरे, तू म्हणालास ना, आपली गाडी वर गेली?"

"गेली की साहेब. मॅडमनी माझ्यासमोर नेली."

"पण मी माझ्या गाडीचं विचारत होतो!"

"तुम्ही 'आपली' म्हणालात. तुम्ही तर गच्चीलाही आपलीच म्हणता."

आपलेकाकांची नजर सावकाश तळघराकडे, सतरंजीकडे गेली. ते सरांजवळ आले आणि त्यांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, जे झालं ते झालं. ही आपली गाडी आता आपण दोघांनी मिळून..."

"काका," सर म्हणाले, "तुमची."

आणि वाकलेला दांडा त्यांनी आपलेकाकांच्या हातात दिला. त्या क्षणी त्यांना इतकं हलकं वाटलं, की बाई अजून तिथेच आहेत हेही ते विसरले.

"बसा," बाई म्हणाल्या.

सर बसले. गाडी फाटकाबाहेर पडली. इंजिन असं सुरेख चालत होतं, की त्याचा आवाज ऐकायलाही सरांना संकोच वाटत होता.

"तू कधी काढलीस वर?"

"पाणी येणं तर्कात बसत नाही म्हणून तुम्ही झोपलात, तेव्हा."

"मग सकाळी मला विचारलंस कशाला?"

"सहज. तुम्ही 'काढली' म्हणालात. म्हटलं बघू या, कुठून काढतात."

सरांनी सुटकेचे सगळे मार्ग मनात तपासले. गाडी वर काढली होती म्हणावं, तर तळघरात इतके दिवस कुणाचं इंजिन उघडत होतो? नव्हती काढली म्हणावं, तर... आयुष्यभर त्यांनी पोरांना शिकवलं होतं, की तिसरा पर्याय नसतो. तो खरंच नव्हता. त्यांनी आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"गाडी मी काढली नव्हती," ते म्हणाले.

बाईंनी गिअर बदलला. दुकानात गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे एक काच काढून दुसरी लावताना विचारतात, त्याच शांत आवाजात त्यांनी विचारलं,

"हं. आता कसं? हे स्पष्ट वाटतंय, की आधीचं?"