साडूभाऊंच्या कोटाला दोन हात

"चार दिवस रंगाचं नाव काढायचं नाही," पेंटरच्या बायकोनं शहराच्या बसमध्ये बसता बसताच बजावलं. "कुणाच्या भिंतीवर टिचक्या मारायच्या नाहीत, पोपडे खरवडायचे नाहीत आणि 'हे काम कुणी केलं हो?' असं तर अजिबात विचारायचं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा ताईकडे राहायला चाललोय. तेवढी माझी लाज राखा."

पेंटरनं निमूटपणे मान हलवली. तो घरं रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा, आणि दोन्हीत त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण शहर बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे काही त्याला उमगेना. पहिल्या दिवशी संग्रहालयात सगळे तलवारी बघत होते आणि हा छताच्या कोपऱ्यातली ओल बघत होता. बायकोनं चिमटा काढला तेव्हा कुठे त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उंच बुरुजावर जायचा बेत ठरला. हवेत गारठा होता आणि पेंटरच्या एकुलत्या एक जाकिटावर सात घरांचे रंग होते. ते बघून ताईंना कसंनुसं झालं. साडूभाऊ मात्र दिलदार माणूस. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी कपाटातून आपला बदामी रंगाचा कोट काढला आणि पेंटरच्या अंगावर चढवला.

"घाला हो साडूभाऊ. फक्त जरा जपून. उद्या सकाळी माझा सत्कार आहे, नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून. हाच घालायचाय."

"काय बोलता दादा! जिवापाड जपतो," पेंटर म्हणाला. आणि खोटं कशाला बोला, त्यानं जपलाही. बसमध्ये तो पाठ न टेकता बसला.

बुरुजाखाली पोचल्यावर वर जाणाऱ्यांची ही मोठी रांग. पेंटर म्हणाला, "मी वर्षभर शिडीवरच असतो. सुट्टीत आणखी वर कशाला चढू? तुम्ही दोघी जाऊन या, मी खाली बसतो." बहिणी हसत हसत गेल्या. बागेत एक रिकामं बाक होतं आणि बाकावर एक पाटी टांगली होती. पाटी दिसली की पेंटरचं पाऊल अडायचंच. त्यानं ती जवळून न्याहाळली. अक्षरं डावीकडे कललेली. पहिल्या ओळीत ऐसपैस जागा सोडली आणि शेवटच्या ओळीत अक्षरांची नुसती चेंगराचेंगरी. पहिल्याच 'र'ला तर ओघळ सुटलेला. 'असल्या लोकांना शहरात काम मिळतं!' असं मनाशी म्हणत, हळहळत तो बाकावर टेकला. पाठ टेकून, पाय पसरून, चांगला वीस मिनिटं बसला.

उठताना पाठीमागून 'चट्' असा आवाज झाला. तेव्हा कुठे त्यानं ती पाटी वाचली. एवढा वेळ त्यानं तिची नुसती अक्षरं बघितली होती. पाटीवर लिहिलं होतं : रंग ओला आहे, बसू नये.

पेंटरनं कोट काढला. बदामी पाठीवर हिरवेगार पाच पट्टे. आयुष्यभर त्यानं लोकांना ओरडून ओरडून सांगितलं होतं, "अहो, हात लावू नका, ओलं आहे!" आणि आज तो स्वतःच बसला. तेही दुसऱ्याचा कोट घालून. लाजेनं त्याचे कान तापले. आपला कुणी धंदेवाला हे बघत तर नाही ना, म्हणून त्यानं चारी बाजूंना पाहिलं. धंदेवाले होतेच. झाडाखाली तीन रंगारी डबे उघडून जेवत बसले होते आणि तिघांचेही घास हातातच राहिले होते.

"काका, पाटी लावली होती ना," त्यातला एक म्हणाला.

"बघितली," पेंटर म्हणाला. "टर्पेंटाइन आहे का?"

टर्पेंटाइन मिळालं. चिंधीही मिळाली. पेंटरनं घासलं, आणि पाच पट्ट्यांचं एक सलग हिरवं मैदान झालं. रंगाऱ्यांनी च् च् केलं. आता हा कोट धुणं एखाद्या जाणत्या धोब्याचंच काम होतं, पण पेंटरला ते सुचणार कसं? डाग गेला नाही तर भिंतीचं काय करतात, एवढंच त्याला ठाऊक. वरून हात मारतात.

"पांढरा आहे? आणि थोडा पिवळा? चिमूटभर तपकिरीही द्या," तो बाह्या सारत म्हणाला.

"कापडावर मारता काका?" तिघे एकदम म्हणाले.

"तुम्ही फक्त छटा बघा."

आणि खरंच, छटा बघावी अशीच जमली. सहा वेळा कालवून, बाहीशी ताडून त्यानं बदामी रंग असा काही उतरवला की रंगाऱ्यांनी डबे बाजूला ठेवले. पहिला हात ब्रशनं. तो जरा सुकला की दुसरा हात कोरड्या स्पंजनं, टिपत टिपत, कापडाची वीण दिसावी असा. कोट फांदीला टांगून चौघांनी पुठ्ठ्यानं वारा घातला. शहरात आल्यापासून पेंटर पहिल्यांदाच शीळ घालत होता. डाग कुठे होता ते आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कोट थोडा ताठ झाला होता एवढंच.

बहिणी खाली उतरल्या. बायको त्याच्याजवळ आली आणि थबकली.

"कोट का काढलात?"

"उकडत होतं."

"या गारठ्यात?" तिनं त्याच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि मग ताईला म्हणाली, "चल, घरी जाऊ."

घरी साडूभाऊंनी कोट हातात घेतला आणि त्यांना लागोपाठ चार शिंका आल्या. ताईंनी तो आत न नेता बाल्कनीत टांगला. 'शहरात कपड्यांनाही हवा लागते,' असं पेंटरला वाटलं. जेवताना पेंटर नुसता भात चिवडत राहिला. सांगावं तर बायकोची मान बहिणीसमोर खाली जाणार. न सांगावं तर भल्या माणसाचा सत्कार या पाठीवर अवलंबून. 'सांगतो, सांगतो' करता करता सकाळ झाली आणि साडूभाऊ कोट चढवून तयारही झाले.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"एकदम झकास, दादा," पेंटर पुटपुटला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

कचेरीतला हॉल भरलेला होता. व्यासपीठावर साहेब, शेजारी साडूभाऊ. साडूभाऊंची पाठ अशी ताठ, की खुर्चीत कुणी लाकडी फळी उभी केली आहे असं वाटावं. साहेब नाकाला रुमाल लावून बसले होते. पुढच्या रांगेतल्या दोघांनीही रुमाल काढले. इथे सर्दीची साथ दिसते, असं मनात म्हणत पेंटर घाम पुसत राहिला.

"पंचवीस वर्षं!" साहेब रुमालाआडून म्हणाले. "पण या माणसाची पाठ कधी वाकली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेंटरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी भिंतीवर लावायचं घड्याळ भेट म्हणून पुढे केलं आणि ते घ्यायला साडूभाऊ उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही वीतभर उठली. मग 'चर्र' असा आवाज आला आणि खुर्ची खाली पडली. खुर्चीच्या पाठीला बदामी पापुद्रा चिकटला होता आणि साडूभाऊंच्या पाठीवर हिरवा डाग उघडा पडला होता.

पेंटर ताडकन उभा राहिला.

"साहेब, दादांचा काही दोष नाही! कोट मी खराब केला. ओल्या बाकावर बसलो आणि वरून रंगवला. मी पेंटर आहे." त्याचा आवाज फाटला. "त्यांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्या एवढ्या मोठ्या दिवसाची मी माती केली."

शेजारी बायकोनं डोळे मिटून घेतले. पण हॉलमध्ये कुणी दचकलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. तिसऱ्या रांगेतली एक बाई मायेनं म्हणाली, "बसा हो, पाणी घ्या."

"माहीत आहे, साडूभाऊ," व्यासपीठावरून साडूभाऊ हळूच म्हणाले. "बसा खाली."

"माहीत आहे?"

"अहो, काल तुम्ही जिन्यात होतात तेव्हाच वास घरात पोचला होता. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या, रंगकाम काढलंय का म्हणून! ही म्हणाली, भावोजींनी इतकी मेहनत घेतलीय, तुम्ही घातला नाहीत तर ते लाजेनं अर्धे होतील. म्हणून घातला. सकाळी कचेरीतही सगळ्यांना सांगून ठेवलं, पाहुण्यांसमोर कुणी विषय काढू नका."

"वास?" पेंटरनं विचारलं. "कसला वास?"

त्यानं अगदी मनापासून विचारलं होतं. साहेबांनी कसाबसा दम धरला होता, पण एवढं ऐकल्यावर त्यांचा रुमाल गळून पडला आणि सगळा हॉल पोट धरून हसायला लागला. साडूभाऊही हसले. पेंटरनंही हसायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

बाहेर बसच्या थांब्यावर पेंटर आणि बायको दोघंच उभी होती. बराच वेळ त्याची मान वर झाली नाही.

"तुला कधी कळलं?"

"बुरुजाच्या शेवटच्या पायऱ्यांवर."

"मग बोलली का नाहीस?"

"कोट इतका सांभाळून हातावर घेऊन उभे होतात," ती म्हणाली. "म्हटलं, माझी लाज राखायला एवढी धडपड चाललीय, तर चालू द्यावी."

मग पेंटरच्या डोक्यात एक भलताच प्रश्न आला आणि तो विचारायची त्याला भीती वाटली. तरी त्यानं विचारलं.

"म्हणजे मी रोज कामावरून घरी येतो, तेव्हा..."

"येतो की वास."

"बावीस वर्षं?"

"तुम्ही आलात की मी खिडकी उघडते ना? तुम्हाला वाटतं, मला उकडतं."

बस आली. पेंटरनं आपणहून खिडकीजवळची जागा घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत काच सारून खिडकी सताड उघडली.