दोन नंबरची लाइन

“माझ्या फोनला रेंज नाही? शक्यच नाही!” लताबाईंनी नातीला ठणकावून सांगितलं.

नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेली बाई ती! कोणती लाइन कशी, हे त्यांना अजून पाठ होतं. पाच नंबरची चांदवडची. कांद्याच्या दिवसांत व्यापारी तिच्यावर घसा फाडून ओरडायचे आणि मधे पापड भाजल्यासारखी चरचर. दोन नंबरची मुंबईची. पलीकडच्याने चहाचा घोट घेतला तरी इकडे ऐकू यायचा!

आज मात्र योगिनीच्या नोकरीचा प्रश्न होता. सातपूरच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम. मुलाखत बरोबर अकराला, व्हिडिओवर. योगिनीचा स्वतःचा फोन काल बादलीत बुडालेला. शनिवार म्हणून दुरुस्तीसाठी वीज बंद, त्यामुळे वाय-फायही मेलेलं. उरला आजीचा फोन. त्यावर पावणेअकरापासून एक चक्र नुसतं फिरत होतं. जातं फिरतंय, पण पीठ पडेना!

“आजी, सगळं अडकलंय गं!”

“लाइनवर गर्दी झालीय. कलेक्टरांचा अर्जंट कॉल आला की मी बाकीच्यांना लाइनवरून उठवायची. थांब, लाइन मोकळी करून देते!”

कणकेची परात काखेत मारून लताबाई बिल्डिंगमधले फोन गोळा करायला निघाल्या.

“लताबाई, मी फोन नुसता बॅटरी म्हणून वापरतो हो!” तळमजल्यावरचे रंगनाथराव म्हणाले.

“तोही टाका!”

“पण त्याचा तुमच्या रेंजशी काय संबंध?”

“एक्स्चेंज तुम्ही चालवलंत की मी?”

दुसऱ्या मजल्यावर कुसाबाई मेथी निवडत ओझरच्या लेकीशी बोलत होत्या. लताबाईंनी त्यांच्या कानावरचा फोन सरळ काढून घेतला. “ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली!”

चौदा फोन जमले. परात टेबलावर विजयी मुद्रेने ठेवली गेली. अकराला तीन मिनिटं कमी. चक्र फिरतंच होतं!

आणि परात बोलायला लागली. आईचा फोन मधेच कटला म्हणून कुसाबाईंची लेक घाबरून पुन्हापुन्हा लावत होती. कुणाच्या फोनवर आरती, कुणाच्या ढोल, कुणाच्या तान्हं बाळ रडत होतं. त्यात स्टीलवर थरथर! लग्नाची वरात परातीत मावली होती!

योगिनी एकेक उचलून गप्प करू लागली. एकाएकी थांबली.

“आजी, या सगळ्यांवर कोपऱ्यात फाइव्ह-जी लिहिलंय. तुझ्यावर टू-जी कसं? सेटिंगला कुणी हात लावला?”

“मीच! फोनने विचारलं, दोन, तीन, चार की पाच? मी काय चांदवडच्या लाइनवर बसू? दोनवर बोट ठेवलं!”

“अगं, त्या लाइनी नाहीत, पिढ्या आहेत! टू-जी म्हणजे दुसरी पिढी, मुख्यतः बोलण्यापुरती. त्यावरून व्हिडिओ पाठवणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर कपाट नेणं!”

तिने सेटिंगमध्ये फाइव्ह-जीवर बोट ठेवलं. चक्र थांबलं. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई उभ्या ठाकल्या. लताबाईंनी झटकन परातीवर गोधडी टाकली आणि बाळाला धरावं तशी ती पोटाशी कवटाळली.

“समजा, ग्राहक काही ऐकतच नाही, आपलंच खरं म्हणतो,” बाईंनी विचारलं. “काय कराल?”

गोधडीतून ढोल वाजला.

योगिनीने हळूच आजीकडे पाहिलं. “मॅडम, शांतपणे सगळं ऐकून घेईन. मग सेटिंग तपासेन.”

बाई खळखळून हसल्या. “सोमवारपासून या!”

लताबाई परात घेऊन जिना उतरल्या. दारातच रंगनाथराव उभे.

“काय मग, सापडलं का? लाइन कोण अडवून बसलं होतं?”

लताबाईंनी त्यांचा फोन पदराला पुसून हातात दिला.

“होती एक म्हातारी,” त्या पुटपुटल्या. “दोन नंबरवर. उठायलाच तयार नव्हती!”