कडी उगवेपर्यंत

सावरगडच्या नगरपालिका बागेत जुना तुरुंग पुन्हा उगवू लागला. सुरुवातीला लोकांना वाटलं, कारंज्याचं काम काढलंय. पण महिनाभरात विटांची ओळ गुडघ्यापर्यंत आली, आणि तिथे गवंडी काम करताना कुणी पाहिला नव्हता.

कालिंदीताई सरोदेंनी ती ओळ पाहताक्षणी ओळखली. तरुणपणी पत्रकं वाटली म्हणून त्या याच तुरुंगात होत्या. तेव्हा देशात एकाच माणसाचं चालत असे. पुढे ती राजवट गेली, तुरुंग पाडला, तिथे बाग झाली, आणि कालिंदीताई हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाल्या. रोज सकाळी त्या बागेत फिरायला येत. सोबत अण्णा खडतकर असत. अण्णा त्या तुरुंगात पहारेकरी होते. ताईंच्या कोठडीला कुलूप लावण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. दोघांची मैत्री कशी झाली हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दोघांचेही जोडीदार गेले होते, आणि दोघांनाही चहा बिनसाखरेचा लागे.

"ही बायकांच्या बराकीची भिंत," ताई म्हणाल्या.

"हो," अण्णा म्हणाले. "त्या गुलमोहराशी येईल ती तुमची खोली."

दोघं उद्यान अधीक्षक निमकरांकडे गेले. निमकरांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"ताई, बांधकाम असतं तर उद्याच पाडलं असतं. परवानगीच नाही ना. पण ही वाढ आहे. वाढीला परवानगी लागत नाही."

"अहो, तुरुंग आहे तो."

"आत कुणी आहे का? नाही ना? मग तुरुंग कसा म्हणायचा?"

त्याच सुमारास सरकारने निवडणुका पुढे ढकलल्या. किती पुढे, ते सांगितलं नाही. एक वर्तमानपत्र बंद पडलं, दुसरं कोऱ्या पानांचं निघू लागलं. बागेत दोन दिवस त्याची चर्चा झाली, मग आंबे उतरले का याची.

भिंत खांद्यापर्यंत आली तेव्हा कालिंदीताई घरून पहार घेऊन आल्या. त्यांना ती नीट उचलवेना. फिरायला आलेले लोक भोवती जमले. "ताई, राहू द्या ना," योगवर्गातल्या एक बाई समजुतीने म्हणाल्या. "भिंतीची छान सावली पडते. आधी उन्हाचं इथे बसवत नव्हतं." शेवटी अण्णांनी पहार हातात घेतली आणि दम लागेपर्यंत विटा पाडल्या. दुसऱ्या दिवशी तिथे भिंत दुप्पट जाड झाली होती.

"छाटलं की जोमानं फुटतं," निमकर म्हणाले, आणि कुणी इजा करू नये म्हणून त्यांनी भिंतीभोवती तारेचं कुंपण घातलं.

पावसाळा संपता संपता छत आलं, गज आले. मग एका सकाळी अण्णा बागेत आलेच नाहीत. ते कालिंदीताईंच्या दारात उभे होते. अंगावर खाकी गणवेश होता.

"हा कुठून आणलात?" ताईंनी विचारलं. "फाडून फडकी केली होती ना त्याची?"

"केली होती. सकाळी दोरीवर वाळत होता. अंगाला बरोबर बसला." अण्णांनी मान खाली घातली. "ताई, चला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. उठलो तेव्हा ठाऊक होतं की तुम्हाला घेऊन जायचंय."

"आणि मी नाही आले तर?"

"तर मी इथे उभा राहीन. उद्या माझ्यासोबत आणखी असतील. त्यांना तुमचा गुडघा दुखतो हे माहीत नसेल."

"तुम्ही परत जा, अण्णा."

"पहाटेपासून तेच करून बघतोय. पाय ऐकत नाहीत."

ताईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. बूट नवे कोरे होते, आणि त्यांची टोकं आधीच बागेच्या दिशेला वळली होती. ताईंनी चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, दुधवाल्यासाठी शेजारी निरोप ठेवला आणि निघाल्या. रस्त्यात अण्णा नेहमीप्रमाणे त्यांच्या चालीने चालले. बागेतल्या लोकांनी दोघांना नमस्कार केला. निमकरांनी कुंपणाची तार स्वतः बाजूला धरली.

खोली तीच होती, उंचावरची खिडकीसुद्धा. ताई आत गेल्या. अण्णांनी दार लोटलं आणि कडीसाठी हात नेला. कडी नव्हती.

"अजून उगवायची आहे," ते म्हणाले. "तोवर मी दार धरून उभा राहतो."

ताईंनी आतून दाराला तळवा लावला. पलीकडे अण्णांचा हात होता, ते लाकडातून कळत होतं.

"अण्णा, सोडा."

"हात निघत नाही हो."

ताईंनी ढकलायला सुरुवात केली. अण्णा म्हातारे होते. दुपारपर्यंत ते दमले आणि दार बोटभर किलकिलं झालं. बाकावर डबा खात बसलेल्या एका माणसाने ते पाहिलं. त्याने हात धुतले आणि येऊन दार धरलं. "अण्णा, तुम्ही बसा थोडं," तो म्हणाला. त्याच्यानंतर योगवर्गातल्या बाई आल्या. मग कॉलेजातली दोन पोरं. रांग कुणी लावली नाही. ज्याला सवड होती तो येत गेला. अण्णा गवतावर बसून तोंडावर रुमाल धरून रडत होते. कुणीतरी त्यांना बिस्किटं आणून दिली.

संध्याकाळी ताईंनी आतून विचारलं, "आता कोण आहे?"

"मी, ताई. विश्वंभर, औषधाच्या दुकानातला. माझ्या दोघी मुली तुमच्याकडे गणित शिकल्या."

"बऱ्या आहेत का त्या?"

"मजेत आहेत. तुमची आठवण काढतात." त्याने पिशवी सावरली. "दार फार जड आहे हो, ताई."

"मी आतून ढकलतेय, म्हणून."

"असं होय," विश्वंभर म्हणाला. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली, पाय रोवले आणि दुसरा हातही दाराला लावला.