एकटीचा अर्ज

गंगुबाई मेस्त्री एकटी राहते, हे तिला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पोलिसांकडून कळलं, आणि ते ऐकून तिचं डोकं जे फिरलं ते पुढचा महिनाभर जागेवर आलं नाही.

गुरुवारचा दिवस, सकाळचे अकरा. काळाचौकीतल्या मोरजकर चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, गंगुबाई शेजारणीचे, म्हणजे कमळाबाईचे, बांगडे साफ करून देत बसली होती. कमळाबाईला बांगडे साफ करता येत नाहीत, असं गंगुबाईने तीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तेवढ्यात जिन्यावरून खाकीतली एक तरुण शिपाई वर आली. हातात रजिस्टर, छातीवर नावाची पट्टी, सीमा. तिने विचारलं, "एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिक गंगुबाई मेस्त्री कोण?"

गॅलरीत त्या वेळी नऊ माणसं होती. गंगुबाईने नऊही जणांकडे पाहिलं, मग हातातली सुरी खाली ठेवली.

"एकटी कोणाक म्हणतस गो?"

सीमा नवीन होती, पण समजूतदार होती. तिने सांगितलं की पोलीस ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा कक्ष आहे. जे एकटे राहतात त्यांची नोंद ठेवतात, दर आठवड्याला जाऊन विचारपूस करतात. गंगुबाईचं नाव पुण्याहून कोणा नूपुरने मोबाइलवरून नोंदवलं होतं. नूपुर ही गंगुबाईची भाची. तिने कुठेतरी बातमी वाचली, तिला मावशीची काळजी वाटली, आणि काळजी वाटल्यावर हल्लीची माणसं जे करतात तेच तिने केलं, फॉर्म भरला. गंगुबाईचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे फॉर्मच्या हिशेबाने ती एकटी. ज्या साहेबाने तो फॉर्म तयार केला त्याने आयुष्यात कधी चाळ पाहिली नसावी, नाहीतर पाण्याच्या एका पिंपावर चार घरांचा हक्क असलेल्या बाईला एकटी म्हणायची त्याची छाती झाली नसती.

पण दारात आलेल्या माणसाला चहा न देता घालवणं गंगुबाईला जमत नसे. तिने रागारागात चहा टाकला. सीमाने रजिस्टर उघडून विचारलं, शेजारी कोण आहेत, कसे आहेत? बस्स. गंगुबाईला आजवर हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ती सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे नाना घाडी, चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष, स्कूटर कशी बरोबर फाटकात आडवी लावतात. कमळाबाईने पोटमाळ्यावर भाडेकरू कसा ठेवलाय. पूजेला स्पीकर केवढा मोठा लावतात. दार सताड उघडं होतं, कारण मोरजकर चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दिवसा दार लावलं म्हणजे घरात कोणीतरी वारलं किंवा कोणाशी तरी बोलणं बंद झालं, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे गंगुबाई काय सांगत होती ते सगळ्या गॅलरीने ऐकलं, आणि सीमाचं पेन चाललेलं सगळ्या गॅलरीने पाहिलं.

शुक्रवारी सकाळी वाहतूक पोलिसांची गाडी आली आणि नानांची स्कूटर उचलून घेऊन गेली.

पुढच्या गुरुवारी सीमा पुन्हा आली, पुन्हा चहा झाला. सोमवारी कमळाबाईला नोटीस आली, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे का दिली नाही? तिसऱ्या गुरुवारनंतर तर कहर झाला. सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायण असतो, त्याच्या स्पीकरची परवानगी अडकली.

आता खरी गोष्ट अशी की स्कूटर उचलली वाहतूकवाल्यांनी, त्यांना गंगुबाई कोण हे माहीत नव्हतं. भाडेकरूंच्या नोटिसा त्या महिन्यात सगळ्या भागात वाटल्या जात होत्या. आणि परवानगी अडकली कारण नानांनी अर्जाला जोडायचा कागद जोडलाच नव्हता. पोलीस खात्यातल्या एका खोलीतल्या माणसाला शेजारच्या खोलीत काय चाललंय याचा पत्ता नसतो. पण चाळीला हे कोण सांगणार? चाळीच्या लेखी पोलीस म्हणजे एकच, आणि त्या एकाला दर गुरुवारी गंगुबाई चहा पाजत होती.

मग दारं लागायला लागली. गंगुबाई गॅलरीतून निघाली की एकेक दार आतून बंद व्हायचं, तिच्या पावलांच्या पुढे पुढे. कमळाबाईने आपले बांगडे आपणच साफ करायला घेतले आणि ते तिला व्यवस्थित करता आले, याचा गंगुबाईला विशेष राग आला. दुपारी चारच्या चहाला कोणी हाक मारेना. ती तीन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तीन दिवस तिच्याशीच कोणी बोललेलं नाही. त्या दुपारी ती आत जाऊन थोडी रडलीसुद्धा. मग आपण रडलो याचा राग आला म्हणून तिने सगळी भांडी काढून परत घासली.

पण कळस व्हायचा होता. जिन्याखालच्या फळ्यावर नानांच्या अक्षरात सूचना लागली की यंदा पूजेचा शिरा केटररकडून येईल. त्या पूजेचा शिरा एक्केचाळीस वर्षं गंगुबाई करत होती. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा, सुतकामुळे हात लावता येईना म्हणून, दाराच्या चौकटीत उभी राहून तिने तो दुसऱ्या बाईकडून करवून घेतला होता आणि रवा जास्त भाजू दिला नव्हता. सूचना वाचून ती वर गेली, चपला घातल्या आणि थेट पोलीस ठाण्यात जाऊन उभी राहिली.

"माझा नाव काढा," ती पहिल्याच टेबलावर म्हणाली.

पहिलं टेबल म्हणजे मदत कक्ष. तिथल्या माणसाने मदत केली, म्हणजे पुढच्या टेबलावर पाठवलं. तिथून ती महिला कक्षात गेली. तिथल्या बाईंनी नवरा मारतो का असं फार प्रेमाने विचारलं, आणि तो अकरा वर्षांपूर्वी वारला हे कळल्यावर समुपदेशनाचं पत्रक दिलं. नोंद मोबाइलवरून झाली आहे म्हटल्यावर तिला सायबरच्या खोलीत धाडलं. तिथल्या मुलाने ओटीपी कोणाला सांगू नका एवढं बजावून परत पाठवलं. एका ठिकाणी तिला पासपोर्टच्या रांगेत अर्धा तास उभं केलं. तेवढ्या वेळात तिने पुढच्या माणसाची चौकशी करून त्याने दुबईला जाऊ नये असं त्याला पटवत आणलं होतं. शेवटी, म्हणजे जिथे आधीच जायला हवं होतं तिथे, ज्येष्ठ नागरिक कक्षात गणपत हवालदारांसमोर ती बसली.

हवालदारांनी नाव कमी करायचा फॉर्म काढला. त्यात कारणं तीनच होती. मृत्यू, स्थलांतर, किंवा नातेवाईक सोबत राहायला आले.

"यातलं काय लिहू, आजी?"

गंगुबाईने नुसतं पाहिलं. हवालदारांनी पस्तीस वर्षं नोकरी केली होती, दंगली पाहिल्या होत्या, तरी त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. मग ते घाईने म्हणाले की एक मार्ग आहे. दोन शेजाऱ्यांनी सही करून लिहून द्यायचं की या बाई एकट्या नसतात, आमच्यात असतात. लगेच नाव कमी करतो.

दोन सह्या. महिन्यापूर्वी मागितल्या असत्या तर दोनशे मिळाल्या असत्या.

ती आधी नानांकडे गेली. नानांनी दार अर्धं उघडलं, कागद हातात न घेताच वाचला आणि म्हणाले, "पोलिसांच्या कागदावर सही? वयनी, माझी स्कूटर अजून तिकडेच आहे." दार बंद. कमळाबाईने तर उघडलंच नाही. आतून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. डाळीला एक शिट्टी जास्त होतेय हे गंगुबाईला बाहेरून कळत होतं आणि सांगायची सोय नव्हती.

इथे तिचा संयम संपला. आधी तो होता असं चाळीत कोणी मानत नाही, पण संपला. ती गॅलरीच्या मधोमध उभी राहिली आणि एकेका बंद दाराला नावाने हाक मारून सुनवायला लागली. कोणाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कोणी केले, कोणाचा मुलगा दहावीत गणितात नापास झाला तेव्हा बापाचा पट्टा कोणी धरला, कोणाची सासू शेवटचे आठ दिवस कोणाच्या हातचं पाणी पीत होती. ती दुसरा मजला संपवून पहिल्यावर उतरली, तिथून तळमजल्यावर. चार वाजता सुरू झालेली बाई साडेपाचला थांबली, तीही घसा बसला म्हणून.

त्याने दारं उघडली, पण भलत्याच कामासाठी. सगळे बाहेर आले ते संतापूनच. उपकार तोंडावर मोजून दाखवलेले कोणालाच आवडत नाहीत, खरे असले तर मुळीच नाही. नानांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, एकोणीस घरांनी सह्या केल्या आणि सगळी चाळ पोलीस ठाण्याकडे निघाली. सगळ्यांच्या पुढे गंगुबाई होती. आपल्याविरुद्धची तक्रार आपल्या माघारी सांगितली जावी हे तिला मान्य नव्हतं.

ठाण्याचे मोठे साहेब अजून खुर्चीत होते. त्यांनी गणपत हवालदारांना आणि सीमाला बोलावून घेतलं, आणि आधी विचारलं की मूळ भांडण कशाचं. नाना म्हणाले, "साहेब, आपलं म्हणणं सिंपल आहे. ही बाई तुमची खबरी. हिने तुमच्या मॅडमना काय काय सांगितलं ते आम्हाला दाखवा."

सीमाने रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. नानांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. पहिला गुरुवार, प्रकृती ठीक, शेजारी चांगले. दुसरा गुरुवार, प्रकृती ठीक, शेजारी चांगले. तिसरा गुरुवार, तेच.

नाना परत पहिल्या पानावर गेले, मागेपुढे पाहिलं. पण सगळ्यात जास्त भडकली ती गंगुबाई.

"मी दोन दोन तास बोललंय, आणि तू एवढाच लिवलंस?"

सीमा खाली मान घालून म्हणाली, "रकाना तेवढाच आहे, आजी."

साहेबांनी मग तो एकोणीस सह्यांचा अर्ज घेतला आणि वाचायला सुरुवात केली. नानांचं लेखी मराठी खणखणीत होतं. "सदर बाई सकाळी सहापासून कोणाच्याही घरात न विचारता येतात. आमटीत मीठ घालतात. मुलांचे मार्क विचारतात. लग्नाच्या मुली बघायला आलेल्यांना परस्पर नकार कळवतात. घरात कोणी आजारी पडल्यास रुग्णालयात येऊन बसतात व सांगूनही जात नाहीत. आम्हांस एक दिवस, एक तासही मोकळे सोडत नाहीत."

वाचता वाचता साहेबांचा आवाज हळू होत गेला. त्यांनी अर्ज खाली ठेवला आणि गणपत हवालदारांना विचारलं की या बाईंची आपल्याकडे नोंद कशी आहे. हवालदार म्हणाले, "एकट्या राहणाऱ्या, साहेब." साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

मग ते कायद्याने बोलले. अर्ज गंभीर आहे. चाळीचं म्हणणं असेल तर बाईंकडून लिहून घेता येईल की यापुढे त्या कोणाच्या घरात पाऊल टाकणार नाहीत, कोणाशी बोलणार नाहीत. तसं लिहून घेऊ?

एकोणीस घरं एकमेकांकडे बघायला लागली. गंगुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडे बघत होती, आणि तिला असं उभं राहिलेलं चाळीतल्या कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

कमळाबाई पुढे आली. तिचं तोंड रागाने लाल झालं होतं. "घरात नको यायला असं कोणी म्हटलं? वाचता येत नाही काय तुम्हाला? आमच्यात तुम्ही कशाला पडताय?"

त्याबरोबर सगळी चाळ साहेबांवर उलटली. पोलिसांनीच हा घोळ घातला, धडधाकट बाईला एकटी ठरवायचा अधिकार यांना कोणी दिला, असं सगळे एकदम बोलायला लागले. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि नानांना विचारलं, मग अर्ज मागे घेता ना?

नानांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "अर्ज कशाला मागे घ्यायचा? शिरा यंदाही वयनीच करतील. पण अर्ज राहू दे."

गणपत हवालदार टेबलावरून वाकून हळूच म्हणाले की साहेब, नाव कमी करायला दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात, या एकोणीस आहेत. साहेबांनी अर्ज तसाच त्यांच्याकडे सरकवला. हवालदारांनी तो नाव कमी करायच्या फॉर्मला टाचणीने जोडला आणि सही करायला गंगुबाईसमोर ठेवला. सगळं खरं आहे ना, एकदा बघून घ्या, ते म्हणाले.

गंगुबाईने तो अर्ज ओळ अन् ओळ वाचला, बोट ठेवून, दोनदा. डोळे पुसले. मग पेन उचललं आणि सही करायच्या आधी हवालदारांना दरडावून म्हणाली,

"सहापासून खय? साडेपाचपासून लिव."