एनरबाबांचे उणे चार टक्के

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर डोळा लागेल आणि गोष्ट हातची जाईल. आजचं आख्यान तिकडे अमेरिकेच्या थंडगार मिनेसोटातल्या डेल ओफ्टेडालचं. देवानं त्याला बुद्धी भरभरून दिली, आणि ती डोक्यात जाऊ नये म्हणून सासराही तसाच दिला!

डेल गावच्या दवाखान्यात संख्याशास्त्रज्ञ. गावातल्या रुग्णांचं वय, वजन, रक्तदाब, तंबाखू, आठवड्यातली अंगमेहनत, सगळं गोळा करून त्यानं एक गणित बसवलं होतं. प्रत्येक गोष्टीला तिच्या मगदुराप्रमाणे भार द्यायचा, काही मिळवायचं, काही वजा करायचं. खाली उत्तर येतं : पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका इतके टक्के. याला मल्टिपल रिग्रेशन म्हणतात. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना डेलनं पास्टरबाईंना ठासून सांगितलं, "माझं गणित माणसाचं तोंड बघत नाही. माहिती घाला, खरं तेच बाहेर येतं."

शेजारी सासरे बसले होते. एनरबाबा, ऐंशी ओलांडलेले, लेफ्सेवर, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीवर, लोणी असं थापणारे की खालची लेफ्सा शोधावी लागे.

"मग घाल माझी," ते म्हणाले.

ते सांगत गेले, डेल लॅपटॉपवर भरत गेला, सगळं तळघर भोवती गोळा झालं. उत्तर आलं उणे चार टक्के.

आता, धोका शून्याच्या खाली जात नसतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण डेलचं गणित सरळ रेषेचं, आणि सरळ रेषेला थांबायचं कुठे ते समजत नाही. मेहनतीचा एकेक तास धोका थोडा थोडा उतरवतो, आणि तास फारच झाले की रेषा शून्याचा उंबरा ओलांडून खाली जाते. डेलनं तिथेच कान पकडायला हवे होते. पण पास्टरबाई बघत होत्या. "म्हणजे... फारच उत्तम," तो म्हणाला.

झालं! एनरबाबांनी स्वतःच भाष्य केलं. "शून्य म्हणजे मरणाची न् माझी ओळख नाही. उणे म्हणजे मला पाहिलं की मरण रस्ता बदलतं."

दुसऱ्या दिवसापासून रक्तदाबाच्या गोळ्या खणात गेल्या. बाबा छपरावर चढून बर्फ ओढू लागले. मुलगी लॉरीन ओरडली की ते म्हणत, नवऱ्याला विचार. लॉरीन नवऱ्याला रोज विचारी, आणि नवरा रोज म्हणे की उद्या समजावतो.

शनिवारी तिनं गरम सूप देऊन त्याला तळ्यावर पाठवलं. गोठलेल्या तळ्यावर बाबांची, बर्फाला भोक पाडून मासे धरायची, खोपटी होती. आत बाबा उपड्या बादलीवर बसलेले, एक हात छातीवर, आणि त्या थंडीत कपाळावर घाम. डेलनं सूप खाली ठेवून खिशातून फोन काढला. फोनला रेंज नव्हती.

"बाबा, उठा. दवाखान्यात चला."

"कशाला? मी उणे चार आहे."

"छातीत दुखतंय ना?"

"दुखू दे. त्याला ठाऊक नाही, कुणाशी गाठ आहे."

"अहो, माझं गणित चुकलंय."

"पास्टरबाईंसमोर नव्हतं चुकलं."

डेल बर्फावर गुडघे टेकून बसला. तळघरात विचारायला हवं होतं ते त्यानं आता विचारलं. "बाबा, आठवड्याला साठ तास अंगमेहनत सांगितलीत. कसली मेहनत करता?"

बाबांनी बर्फातल्या भोकाकडे पाहिलं. "हीच."

"ही? बसून मासे धरायची?"

"मग काय, मासा आपण होऊन वर येतो होय, जावईबापू?"

डेलनं खिशातली पेन्सिल काढली आणि खोपटीच्या फळीवरच साठ तास वगळून बेरीज मांडली. बाबा वाकून बघत होते.

"अधिक सत्तावीस," डेल म्हणाला.

"अधिक?"

"अधिक."

बाबांनी गळ गुंडाळला. "मग चल की! बोलत काय बसलायस?"

डॉक्टरांनी तुंबलेली नळी वेळेत मोकळी केली, देवाची कृपा. डेलनं रेषेला शून्याच्या अलीकडे वळण घातलं आणि तळघरात भर कॉफीत आपली चूक सांगितली. पण बाबा मध्येच उठले. म्हणाले, पोराचं गणित सोन्यासारखं आहे, खोटे तास मी दिले. आता त्याचेही तास घाला बघू.

डेल दिवसभर खुर्चीवर बसणारा. त्याचा आकडा आला तेव्हा लॉरीननं कॉफीचा कप खाली ठेवला.

म्हणून हल्ली बाबांच्या शेगडीची सगळी लाकडं डेल फोडतो. बाबा घोंगडी पांघरून त्याच उपड्या बादलीवर बसतात आणि त्याचे तास मोजतात. दिवा लावून हात जोडाल तेव्हा एनरबाबांची काळजी नको, ते बरे आहेत. कुऱ्हाडवाल्या डेलची तेवढी आठवण ठेवा.